पहिली पिशवी

कापडातला दोष मला दहा फुटांवरून दिसतो. बढाई मारत नाही. छत्तीस वर्षं इचलकरंजीतल्या एका कारखान्यात मी कापड तपासायच्या टेबलापाशी उभी होते. तुटलेला धागा, तेलाचा डाग, विरळ पडलेला पट्टा, माझ्या नजरेतून काही सुटायचं नाही. हळूहळू माणसांतले दोषही त्याच डोळ्यांना दिसायला लागले आणि ते मी तोंडावर बोलून दाखवायची. त्यामुळे आमच्या विणकर सोसायटीत माझ्या वाटेला फारसं कोणी जात नसे. पण पिशवी-प्रमुख नेमायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी एकमुखाने माझंच नाव घेतलं. अध्यक्ष कबाडे म्हणाले, "उज्ज्वलावैनी असल्यावर लबाडीला जागाच न्हाई." तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आज ते वाक्य आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

पिशवी म्हणजे बटाट्याची पिशवी. आता ती घरोघरी आहे, पण ती कशासाठी आली हे नव्या पोरांना ठाऊक नसतं म्हणून सांगते. बटाट्याला रात्रीचा गारवा लागतो. माती तापलेली राहिली तर झाड नुसतं पाल्याने माजतं, खाली कंद धरत नाही. आपल्याकडच्या रात्री गरम व्हायला लागल्या, शेतातली माती पहाटेपर्यंत कोमट राहायला लागली आणि बटाटा बघता बघता बाजारातून उठला. त्यावर तोडगा निघाला तो आमच्याच गावच्या मागांवर. जाड, पाझरणाऱ्या कापडाची पिशवी. माठ जसा बाहेरून ओला राहतो आणि आतलं पाणी गार करतो, तशी ही पिशवी आतली माती गार ठेवते. शिवाय मुळं कापडापर्यंत आली की त्यांना हवा लागते, टोक सुकतं आणि मागून नवी मुळं फुटतात. कुंडीतल्यासारखी ती एकमेकांभोवती गुंडाळत बसत नाहीत. लावायचंही सोपं. पिशवीचा काठ दुमडून ती बुटकी करायची, तळाशी माती, तिच्यावर कोंब आलेला बटाटा, वर पुन्हा माती. झाड वीतभर झालं की काठाची एक घडी उलगडायची आणि मातीची भर द्यायची. सहा पिशव्यांत एका घराचं भागतं.

पण खरं सांगायचं तर लोकांना बटाट्याइतकीच गोडी लागली ती गारव्याची. पश्चिमेच्या गॅलरीत ओल्या कापडाच्या सहा पिशव्या ओळीने ठेवल्या की मागची खोली पाच अंशांनी गार होते. मे महिन्यात दुपारची वीज चार तास जाते, तेव्हा पाच अंश म्हणजे काय हे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला विचारावं.

माझ्या समोरच्या दारात असं एक माणूस होतं. त्रिशलाक्का मगदूमचे यजमान, आण्णा. अर्धांगाने तीन वर्षं पडून. छाती कमजोर, उकाडा वाढला की श्वास घशात अडकायचा. अक्काने त्यांची खाट गॅलरीला लागून टाकली होती. अक्का जैन. एकोणिसाव्या वर्षी नेम घेतला तेव्हापासून जमिनीखाली वाढलेलं काही तिच्या तोंडात गेलेलं नाही. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा तर नाहीच. तरी तिच्या सहाही पिशव्या आमच्या सगळ्यांच्या पिशव्यांपेक्षा टवटवीत. निघालेला बटाटा ती बालवाडीच्या स्वयंपाकघरात पोचवायची. लोक हसायचे. ती म्हणायची, "मला पाला पायजे, खालचं देवाचं."

आता या कापडाची दुसरी करामत सांगायला हवी, कारण सगळं त्यावरच आलं. त्यातला दर आठवा धागा कोळशाच्या लेपाचा असतो. झाडावर रोग चढायला लागला की त्याच्या मुळांत विजेची बारीकशी चलबिचल होते. आपल्याला काही दिसत नाही, पानं हिरवीगार असतात. पण ओल्या मातीतून ती चलबिचल धाग्याला कळते आणि प्रमुखाच्या फोनवर त्या पिशवीचं नाव लाल होतं. करप्याचा डाग पानावर दिसायच्या पाच दिवस आधी. हे पाच दिवस लाखमोलाचे, कारण घरोघरचा बटाटा एकाच वाणाचा, एकाच झाडाची सगळी लेकरं म्हणा ना. एकाला जे बाधेल ते सगळ्यांना बाधणार. आणि जो गारवा बटाट्याला मानवला तो करप्यालाही मानवला. पूर्वी मे महिन्यात हा रोग जगलाच नसता. आम्ही त्याच्यासाठीही गॅलऱ्या गार करून ठेवल्या.

म्हणून नियम कडक. बियाणं फक्त पिशव्या पुरवणाऱ्या सरकारी केंद्राचं. घराघरांत बटाट्याची देवघेव नाही. बाहेरगावचा बटाटा आणलाच तर फाटकाशी उकडून मग वर न्यायचा. आणि करपा निघाला तर ज्या घरातून तो आला त्या घराच्या पिशव्या वर्षभर बंद, पिशव्यांचं पाणीही बंद. बाधलेल्या बाकीच्या घरांना जुन्या कापून दोन दिवसांत नव्या पिशव्या मिळतात. कुठून आला ते कळलं नाही, तर जिची पिशवी पहिली लाल झाली ती दोषी. हा नियम मला तेव्हा अगदी योग्य वाटला होता. मीच बैठकीत समजावून सांगितला होता.

नियम मोडला तोही मीच.

केंद्राचा बटाटा मला पाणचट लागतो. माझी बहीण खटावच्या माळावर राहते, तिथे अजून रात्री गारवा उतरतो. ती जुन्या वाणाचे, डोळ्यांभोवती जांभळट कडा असलेले बटाटे लावते. चैत्रात गेले तेव्हा संकष्टीच्या किसासाठी म्हणून तिने दोन किलो बांधून दिले. फाटकाशी उकडायला हवे होते. पण उकडलेल्या बटाट्याचा कीस कसा करणार? खायलाच तर आहेत, लावायचे कुठे आहेत, असं मीच मला सांगितलं आणि साडीच्या घड्यांखाली लपवून वर आणले. पिशवी-प्रमुखाचं सामान कोण तपासणार? जिभेचे चोचले, दुसरं काही नाही.

मग महावीर जयंती आली. अक्काने डब्यातून मुगाचे लाडू पाठवले. मी दुसऱ्या इमारतीत तपासणीला गेले होते. घरात सून, कृतिका, भुसावळची. लग्नाला दोन वर्षं झाली, तरी इथल्या बायका 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात याचं तिला अजून हसू येतं. माझा मुलगा सुरतेला नोकरीला, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. डबा घासून पुसून तिने परत दिला. रिकामा द्यायचा नाही हे तिला तिच्या आईने शिकवलेलं. हे सगळं मला पुढे महिन्याने कळलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात सकाळी फोनवर लाल अक्षरं उमटली. मगदूम, पिशवी चौथी.

मी लगेच समोर गेले. अक्का आण्णांचं अंग पुसत होती. "ये गं. मी येतो हात धुऊन," म्हणाली. मी गॅलरीत गेले. चौथ्या पिशवीत पाला नुसता लसलसत होता. पण कडेचं एक झाड मला वेगळं दिसलं. पान जरा निमुळतं, देठ जांभळट. मी बोटांनी माती उकरली. तळाशी लावणीचा बटाटा होता, सुकून सुरकुतलेला, एका बाजूने तपकिरी पडलेला. डोळ्यांभोवती जांभळट कडा.

मागे अक्का येऊन उभी राहिली होती. मी बटाटा मुठीत घेतला.

"करपा?" तिने विचारलं.

"व्हय," मी म्हणाले. "हे झाड कुठलं, अक्का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असंच. कुणी दिलं हुतं. बाकीचं बालवाडीला गेलं, ह्याला कोंब आलेलं, जीव हाय त्यात. खायचं न्हाई म्हणून कचऱ्यात कसं टाकू? लावलो." एवढंच बोलून ती आत गेली.

घरी आले. कृतिका गॅलरीपाशी चटईवर पडली होती. सातवा महिना. गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीत पिशव्या यायच्या होत्या. तेव्हा राहिलेलं पाचव्या महिन्यात गेलं. डॉक्टरीण बाईंनी उकाड्याचं नाव घेतलं होतं आणि या वेळी पोरीला थंड ठेवा म्हणून बजावलं होतं.

"कृतिका, खटावचे बटाटे कुणाला दिलेस काय गं?"

"त्रिशला मावशींना," ती सहज म्हणाली. "लाडवांचा डबा आला होता ना, त्यात चार घातले. साखर संपलेली, दुसरं काही नव्हतं घरात. छान होते ना ते, जांभळे. का हो आई?"

"त्या बटाटा खात न्हाईत."

"अय्या," ती उठून बसली. "मला कोणी सांगितलंच नाही. काही बोलल्या पण नाहीत त्या. आवडले का विचारलं मी नंतर, तर म्हणाल्या, छान हायत."

सुनेने माणुसकीने दिलं, अक्काने माणुसकीने परत केलं नाही, जीव म्हणून टाकलंही नाही. चुकलं होतं ते फक्त माझं, साडीखाली. फोनवर रकाना उघडा होता: रोग कुठून आला? खरं लिहिलं तर आमच्या पिशव्या उद्या जाणार आणि ही पोर तापलेल्या खोलीत पडणार. मी चटईवरच्या तिच्या पोटाकडे बघितलं आणि लिहिलं, बाहेरच्या बियाण्यातून, ते कुणी आणलं माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली बैठक भरली. कबाड्यांनी अक्काला उभं केलं. "मगदूमवैनी, नियमाबाहेरचं बियाणं तुमच्या पिशवीत सापडलं. कुणी दिलं, सांगून टाका. तुमचं घर सुटंल."

अक्का म्हणाली, "ते मी सांगणार न्हाई."

"म्हणजे ठाऊक हाय?"

"ठाऊक हाय. खोटं बोलणार न्हाई आणि सांगणारबी न्हाई."

कुजबुज सुरू झाली. स्वतः खात नाहीत मग पिकवतात कशाला, बाहेर देत असतील, तिथनंच रोग आणला असंल. ज्यांच्या पोरांनी बालवाडीत तिचे बटाटे खाल्ले त्याही बोलल्या. मी पहिल्या रांगेत फोन घेऊन बसले होते. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. मी मान खाली घालून काचेवरून बोट फिरवत राहिले. दुपारी केंद्राची माणसं आली आणि अक्काच्या सहाही पिशव्या कापून घेऊन गेली. तिच्या गॅलरीतली पाण्याची नळी त्यांनी गाठ मारून बंद केली.

पुढचे चार दिवस मी स्वतःशी वाद घालण्यात काढले. आण्णांचं वय झालंय. माझ्याकडे येणारा जीव आहे. अक्काने स्वतःहून अंगावर घेतलंय, मी कुठे सांगितलं होतं? शेवटी नियम नियम आहे. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या कापडातली भोकं दाखवलेल्या बाईला स्वतःच्या वादातलं एकही भोक दिसत नव्हतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ म्हणतात ते हेच.

चौथ्या दिवशी भर दुपारी वीज गेल्यावर समोरून आण्णांचा श्वास ऐकू यायला लागला. दोन दारं आणि मधला जिना ओलांडून. मला बसवेना. मी गेले.

खोलीत तव्यावर उभं राहिल्यासारखं झालं. अक्का ओला टॉवेल हलवून वारा घालत होती. आण्णांचे ओठ सुकून पांढरे झाले होते. मी टॉवेलचं दुसरं टोक धरलं. बराच वेळ आम्ही दोघी टॉवेल हलवत राहिलो.

"अक्का, तू सांगितलं का न्हाईस?"

"पोटुशी पोर हाय ती. चांगल्या मनानं दिलं. तिचं नाव घेऊन काय मिळवू?"

"माझं तरी घ्यायचंस. बटाटे मीच आणले हुते."

"ठाऊक हाय मला." तिने टॉवेल बादलीत बुडवला. "त्या दिवशी बटाटा उचललास तवाच तुझं तोंड बघितलो. म्हटलं, आज बोलंल. मग म्हटलं, बैठकीत बोलंल. मग म्हटलं, उद्या."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी तशीच खाली कबाड्यांकडे गेले आणि सगळं सांगितलं. खटाव, साडी, डबा, रकाना. मग त्यांनी दार लोटून घेतलं.

"वैनी, झालं ते झालं. आता हे उकरून काढू नका. प्रमुखानंच असं केलं म्हटल्यावर उद्या नियम कोण पाळंल? आणि खरं सांगू का, रागवू नका. आण्णा तसं पिकलं पान. तुमच्याकडं नवा जीव याचाय. देवानंच वाटणी केली म्हणा."

चार दिवस हेच तर मी मनात घोळवत होते. शब्द न् शब्द तोच. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला शिसारी आली, त्यांची आणि त्याहून माझी.

"वाटणी देवानं न्हाई केली, मी केली," मी म्हणाले. त्यांच्यासमोरच फोन काढला आणि रकान्यात माझं नाव घातलं. प्रमुखपद सोडल्याचंही त्याखालीच लिहिलं.

वर येऊन कृतिकाला सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं, पण ती चटईवर उठून बसली. मग म्हणाली, "चार दिवस मी रोज त्या गारव्यात झोपत होते आई. तुम्ही मला झोपू दिलंत." मग तिने विचारलं, "आता आपलं कसं होणार?" सुरतेला मुलाला फोन केला. तो म्हणाला, हिला भुसावळला पाठव. भुसावळचा मे महिना त्याला ठाऊक नसावा.

दुसऱ्या दिवशी माणसं आली. आमच्या पिशव्या निरोगी होत्या, तरी कापल्या. मातीतून गोट्यांएवढे बटाटे जमिनीवर घरंगळले. ते मी वेचून त्यांच्या पोत्यात टाकले. नळीला गाठ बसली. सोसायटीतल्या बायका जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. मी मान वर ठेवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. पुढचे दोन दिवस मी कृतिकाच्या अंगावर ओली चादर घालून वारा घालत बसले. दुपारी तिचे पाय सुजायचे, डोकं धरायचं, आणि पोटावर हात ठेवून ती एकदम गप्प व्हायची. बाळ हलतंय ना, असं मी तासातासाला विचारायची.

तिसऱ्या दिवशी समोर नव्या पिशव्या आल्या. अजून पाला नव्हता, पण ओल्या कापडालाही गारवा असतोच. बाराच्या सुमारास अक्का आमच्या दारात येऊन उभी राहिली.

"पोरीला दुपारचं माझ्याकडं पाठव. आण्णांच्या खोलीत दुसरी खाट टाकलीया."

कृतिका भिंतीला धरून उठली. मी तिची उशी उचलली आणि मागोमाग निघाले. अक्काने उशी माझ्या हातातून घेतली.

"तू नको येऊस एवढ्यात," ती म्हणाली. "बोलायला तुला चार दिवस लागले. मला जरा जास्त लागतील."

मी बरं म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तिचं म्हणणं बरोबर होतं आणि तिने पोरीला त्यात ओढलं नव्हतं, एवढ्यासाठीच मी तिचे पाय धरले असते.

तेव्हापासून रोज वीज जायच्या वेळेला मी कृतिकाला समोर पोचवते. दार उघडतं, अक्का तिला हाताला धरून आत घेते. आतला गारवा क्षणभर माझ्या पावलांवर येतो, आणि दार लागतं.